साबणाच्या डबीतली किल्ली

कुलूपकाका एकतीस वर्षं एकाच शाळेत शिपाई होते. नाव अर्थातच पोरांनी पाडलेलं. बेचाळीस किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि चालले की असा खुळखुळाट की कॉपी करणारी पोरं काका दोन वर्ग लांब असतानाच शहाणी होऊन बसायची. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे ते डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगत. एकदा मुख्याध्यापकांनी स्वतःच्या कपाटाची किल्ली हरवली, तर काका आठवडाभर त्यांच्याशी अशा थाटात बोलत होते की साहेबांनाच रजेवर जावंसं वाटलं. बायको म्हणायची, "ह्यांच्या छातीत काळीज नाही, कुलूप आहे." आपल्या हातून आजवर एक किल्ली हरवलेली नाही, हे ते बसथांब्यावर शेजारी उभ्या राहिलेल्या परक्या माणसालाही ऐकवत.

अशा माणसाला त्याचे दोन बाळमित्र शनिवार-रविवार समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत तंबू ठोकायला घेऊन गेले. एक न्हावी, ज्याची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालते. दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर, जो बोलण्याआधी शब्द मोजून पुडीत बांधतो. गाडी काकांच्या जावयाची, चार महिन्यांची नवीकोरी. जावईबापू मनातून तयार नव्हतेच. पण मुलगी म्हणाली, "बाबा आहेत ना बरोबर. किल्ली त्यांच्याकडेच राहील." झालं. गाडी न्हाव्याने चालवायची, पण थांबली की किल्ली काकांच्या मुठीत, असं ठरलं.

सकाळीच पोचले. सामान उचलायचा कंटाळा म्हणून न्हाव्याने गाडी थेट किनाऱ्यावरच्या ओल्या, टणक वाळूवर नेऊन उभी केली. तंबू एका टेकडीच्या पायथ्याशी लागला. मग पोहायची टूम निघाली आणि काकांपुढे पेच पडला, कारण पोहायच्या चड्डीला खिसा नव्हता. किल्ली तंबूत उघड्यावर ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. दोघांची पाठ वळताच त्यांनी ती साबणाच्या डबीत घातली आणि तंबूच्या आत, आपल्या उशाशी, कोपरभर खोल पुरून वरून वाळू सारखी केली. कुणाला सांगितलं नाही. लपवलेली जागा दोघांना ठाऊक झाली तर ती लपवलेली कसली?

पोहून झाल्यावर काका प्यायचं पाणी आणायला दीपगृहाच्या नळावर गेले. जायला-यायला तास लागला. दोन कॅन घेऊन धापा टाकत परतले, तर तंबू जागेवर नाही!

"अरे इकडे, इकडे!" न्हावी तिसऱ्याच टेकडीआडून हात हलवत होता. "वारा फिरला ना लेका. ताटात वाळू, कानात वाळू. आणला उचलून. शाबास म्हण की!"

काकांच्या हातातला कॅन गळून पडला. ते मागे वळले. सगळ्या टेकड्या एका आईची लेकरं असल्यासारख्या सारख्या. पावलांचे ठसे वाऱ्याने पार पुसलेले.

"काय झालं?" कंपाउंडरने विचारलं.

"काही नाही. पाय मुरगळला."

इथेच चुकलं बघा. पण बेचाळीस किल्ल्यांचा मालक तो, तोंडातून शब्द फुटेल कसा?

"गाडी जरा वर घ्यायला हवी," न्हावी समुद्राकडे बघत म्हणाला. "भरती आज जास्तच चढतेय. दे किल्ली."

आदल्याच दिवशी अमावास्या झालेली, म्हणजे भरतीला उधाण येणार, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं.

"घेऊ की. आधी चहा टाक," असं म्हणून काका टेकड्यांमागे सटकले.

एका टेकडीच्या पायथ्याशी गुडघे टेकून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. वाळू. दोन पावलं सरकून परत. पुन्हा वाळूच. दुसरी टेकडी, तिसरी. नखं दुखायला लागली. वाटेत एक रिकामा पत्र्याचा डबा पालथा पडलेला दिसला. एरवी शाळेच्या आवारात कागदाचा कपटा दिसला तरी वाकणारा हा माणूस, आज "कचरा करतात लेकाचे" एवढं पुटपुटून पुढे गेला. दोनदा त्याच्या शेजारून गेला. प्रत्येक वेळी मान वर केली की पाणी गाडीच्या जवळ आलेलं दिसे. वीस पावलं. बारा. आणि कानात मुलीचा आवाज, किल्ली त्यांच्याकडेच राहील.

"अहो महाराज!" न्हाव्याची आरोळी आली. "चहा गार झाला नि चाकं ओली झाली! किल्ली देतोस की मुहूर्त काढतोस?"

काका किनाऱ्यावर आले तेव्हा एक लाट पुढच्या चाकाला चाटून गेली. मागे जाताना तिने चाकाखालची वाळू नेली आणि गाडी एका बाजूला बोटभर कलली.

"अरे, तोंडाला काय कुलूप लावलंस? किल्ली कुठाय?"

काकांचा हात नुसताच रिकाम्या कमरेवर गेला. न्हाव्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. इकडेतिकडे बघून त्याने नारळाएवढा दगड उचलला. "सरक. काच फोडतो. हँडब्रेक सोडू, ढकलू वर."

"नको!" काका दारासमोर आडवे आले. "जावयाची गाडी आहे रे!"

"मग समुद्राला देऊ का आंदण?"

दुसरी लाट तिघांच्या पोटऱ्यांपर्यंत आली. आणि काकांनी डोळे मिटून एकतीस वर्षं न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"हरवली. माझ्या हातून. तंबूत पुरली होती, उशाशी. तुम्ही तंबू हलवलात आणि मला जागा सापडेना."

न्हाव्याच्या हातातला दगड तसाच राहिला. कंपाउंडर मात्र शांतपणे म्हणाला, "मग आधी बोलायला काय झालं होतं? तंबूची एक मेख निघालीच नाही वाळूतून. कुणाच्या पायात घुसू नये म्हणून मी वर पत्र्याचा डबा पालथा घालून आलोय."

काका जे धावले, ते मुरगळलेला पाय विसरून धावले. डबा उडवला. खाली मेखेचं डोकं. ती तंबूच्या दाराकडची डावी मेख, असं कंपाउंडरने सांगितलं, म्हणजे उसं तिथून आतल्या बाजूला चार पावलं. तिघे कुत्र्यांसारखे उकरू लागले, आणि कंपाउंडरच्या बोटांना डबी लागली.

न्हाव्याने गाडी सुरू केली तेव्हा चाकं अर्धी पाण्यात होती. ती दोनदा जागेवरच फिरली. काका आणि कंपाउंडर छाती लावून मागून रेटत होते. तिसऱ्यांदा गाडीने उसळी घेतली आणि ती वर कोरड्या जागी येऊन थांबली. न्हाव्याने किल्ली काकांपुढे धरली. काकांनी हात मागे घेतला. "तूच ठेव."

"बघा रे, सूर्य कुठे उगवला!" न्हावी म्हणाला, पण किल्ली त्याने गुपचूप खिशात टाकली.

रविवारी संध्याकाळी न्हाव्याने धुतली-पुसलेली गाडी जावयाच्या दारात उभी केली आणि किल्ली काकांच्या हातात दिली. जावयांनी ती त्यांच्याकडून घेतली, नाकाशी नेली.

"बाबा, हिला साबणाचा वास येतोय."

मुलगी दारात उभी. थाप तोंडाशी आलेली, तीही चांगली, पटण्यासारखी. काकांनी ती गिळली.

"हरवली होती," ते म्हणाले. "दीड तास. गाडी भरतीत जाता जाता वाचली. मला सापडली नाही, कंपाउंडरला सापडली."

जावई खाली वाकले, चाकं पाहिली, सावकाश उभे राहिले.

"पुढच्या वेळी दुसरी किल्लीही घेऊन जा," जावई म्हणाले.

मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला. काका मात्र चांगलेच दुखावले.

"दुसरी कशाला?" म्हणाले.