उंबऱ्याबाहेरचे कॅप्टन

"परमिशन टू कम अबोर्ड?"

दार सताड उघडं असलं तरी आमचे शेजारी, नौदलातले निवृत्त कॅप्टन, पायरीवर ताठ उभे राहून हेच विचारत. जहाजावर चढताना अशी परवानगी मागायची रीत असते म्हणे. आमचं अमेरिकेतल्या बॉथेल गावातलं घर तरंगत नाही, हे त्यांना कोण सांगणार? "ग्रँटेड" असं उत्तर मिळालं की ते बूट काढत, आमच्या अस्ताव्यस्त चपलाही रांगेत लावत आणि मगच आत येत. असा पाहुणा तुम्ही पाहिलाय?

सहाला जेवायला बोलावल्यावर ते सहालाच येत, हा गुन्हा आईनं पोटात घातला होता. परवानगी मात्र तिला पटेना. "घरच्या माणसानं कसली परवानगी मागायची? आता मी उत्तरच देणार नाही. येतील आपोआप."

त्या रविवारी कॅप्टननी विचारलं. आई ओट्यापाशी गप्प, गालातल्या गालात हसत. ते थोडा वेळ थांबले आणि परत गेले. पुरणपोळ्या निवल्या.

मी मागोमाग जाऊन आईचा बेत सांगितला. ते खो खो हसले. मग म्हणाले, "माझ्या पहिल्या जहाजावर मी पहिलाच काळा ऑफिसर. शिडीपाशी पहारेकऱ्याला विचारलं, तर तो नुसता बघत राहिला. मीही हललो नाही. शेवटी त्याला ग्रँटेड म्हणावंच लागलं."

"मग आमच्याकडून का परतलात?"

"तिथे माझी नोकरी होती, अडून राहणं भाग होतं. तुमच्याकडे मी आवडीनं येतो."

पुढे ते त्याच जहाजाचे कॅप्टन झाले, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. ते स्वतः फक्त तिथल्या बेचव कॉफीबद्दल बोलत.

त्या रविवारी घरी येऊन मी शिडीची गोष्ट सांगितली, तेव्हा आईला फार लागलं. पोळ्या गरम करून ती स्वतः त्यांना बोलवायला गेली. तेव्हापासून त्यांची चाहूल लागली की ती स्वयंपाकघरातूनच "ग्रँटेड, ग्रँटेड" म्हणे. ते मात्र प्रश्न पुरा विचारूनच आत येत. नियम म्हणजे नियम.

गेल्या हिवाळ्यात कॅप्टन गेले. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीनं दार उघडलं. "कम इन, आंटी."

आई आत गेली नाही. तिनं चपला काढल्या, वाकून माझ्या बुटांसकट रांगेत लावल्या आणि पायरीवर ताठ उभी राहिली.

"परमिशन?"

मुलीचे डोळे भरून आले. तिनं खांदे सरळ केले आणि वडिलांच्याच करड्या आवाजात उत्तर दिलं, "ग्रँटेड."