दाजींनी ठरवलेला उजेड

आमच्याकडे लोक बांधावरून भांडतात, दाजी उजेडावरून भांडत. दिवेलागणीला कुणी बैठकीतली ट्यूब लावली की आतून आरोळी येई, "झोपू द्या की राव त्यास्नी! तुमच्या डोळ्यात कुणी बॅटरी मारली तर चालंल का?" त्यांना म्हणजे काचेच्या टाकीतल्या प्रवाळांना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निरगुडसरचे. त्यांची प्रवाळं त्यांच्याच चुकीनं मेली, असं नातलग अजूनही हसत हसत सांगतात. ते खोटं आहे. ती आम्ही मारली.

दाजींचे वडील मेंढरं राखत. दाजी मात्र मुंबईला शोभेच्या माशांच्या दुकानात लागले आणि तिथेच केस पांढरे झाले. दुकान बंद करताना मालकानं त्यांना समुद्राच्या पाण्याची टाकी दिली. ती टेम्पोत घालून ते गावी आले. मी येडगावहून बघायला गेलो आणि मेव्हण्याच्या हक्कानं विचारलं, "दाजी, कालवण कधी?"

"तुमचं डोकं शिजलं की लगेच," ते म्हणाले.

तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता. जुने दिवे पाणी तापवत आणि इन्व्हर्टर पिऊन टाकत. म्हणून दाजींनी पुण्याहून एलईडीच्या दोन पट्ट्या आणल्या, एक निळी, एक पांढरी. दोन्हींना टायमर, पांढरीला वर रेग्युलेटर. सकाळी आधी निळी लागे, मग पांढरी, संध्याकाळी पुन्हा एकटी निळी आणि मग पूर्ण काळोख. वरच्या दगडावर फांद्यांची प्रवाळं होती, त्यांना भरपूर उजेड लागे. तळाशी मऊ, छत्रीसारखी होती, ती सावलीतली. "एका घरात दोन सुना हायेत, दोघींचं ऐकून चालायचं," असं ते म्हणत. नवीन पट्टीचा उजेड फार तिखट, म्हणून पांढरी त्यांनी अगदी मंद ठेवून सुरू केली आणि दर बाजाराच्या दिवशी बटण केसभर पुढे सरकवत.

मी एकदा वैतागून म्हटलं, "एवढे काय लाड करायचे?"

"मेव्हणं, नर्सरीतलं टोमॅटोचं रोप तुमी आणल्या आणल्या उन्हात ठोकता का?"

नाही ठोकत. येडगावात कुणीच ठोकत नाही. आठवडाभर नेटखाली ठेवून, हळूहळू ऊन दाखवून मगच लावतो. मला हे ठाऊक होतं, याचाच आज सगळ्यात जास्त संताप येतो.

भाच्याचं लग्न ठरलं. दाजी देवाला पत्रिका ठेवायला जेजुरीला आणि तिथून पुढे पाहुण्यांकडे गेले. इकडे घर पै-पाहुण्यांनी भरलं आणि रोज संध्याकाळी वीज जाऊ लागली. इन्व्हर्टरवर फक्त टाकीची लाइन होती. दाजींचे चुलतभाऊ तात्या, गावचे माजी सरपंच, खुर्चीतून गरजले, "लग्नाचं घर हाय का मसणवटा? फिरवा त्ये बटाण!" मी फिरवलं, पार शेवटपर्यंत. टायमरही काढून टाकला. बहीण म्हणाली, "आरं, त्यास्नी फोन तरी कर." मी म्हणालो, "आक्के, दाजी यायच्या आत परत करतो."

कसलं परत करतो! त्या उजेडात आम्ही पत्ते कुटले, बायकांनी बांगड्या भरल्या. प्रवाळांचे रंग उतरत गेले तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "बया, कशी पांढरीशुभ्र फुलं झाली!" मीही मान डोलावली.

दाजी हळदीच्या दिवशी आले. टाकीत हाडासारखा पांढरा पाला उभा होता. त्यांनी रेग्युलेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पांढरी पट्टी बंद केली, निळी ठेवली. उपयोग झाला नाही. लग्न लागलं, सून घरात आली आणि त्याच आठवड्यात वरच्या फांद्या सडून गळू लागल्या. घरभर वास सुटला.

मग कुजबूज सुरू झाली. "नवरीनं माप वलांडलं आन घरातलं जित्तं मेलं. पायगुण, दुसरं काय?" सून वैशाली चुलीपाशी ऐकत होती. पोळी तव्यावर जळली तरी तिचा हात हलेना.

दाजी अंगणात आले. "टायमर म्या चुकीचा लावला. चूक माजी हाय. पोरीचं नाव कुणी काढलं तर जीभ हासडीन!"

तात्या मिशीतल्या मिशीत हसले. "मेंढरं राखणाऱ्याला समिंदर काय कळायचा!" ज्यानं हुकूम सोडला, तोच हसला. आणि ज्याच्या बोटानं बटण फिरलं, तो मी शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होतो.

संध्याकाळी गोठ्यामागे गाठून मी म्हणालो, "दाजी, मी सांगू का सगळ्यांना?"

"तुमास्नी सांगायचं आसतं तर मला इचारलं नसतं," एवढं बोलून ते टाकी धुवायला गेले. पुन्हा त्यांनी तीत पाणी भरलं नाही.

काही वर्षांनी दाजी गेले. त्यांच्या दशक्रियेला घाटावर भाषणं झाली. तात्यांनी माइक हातात धरून टाकीचा किस्सा रंगवला आणि सुतकातली माणसंही हसली. मग माइक माझ्याकडे आला. मी म्हणालो, "दाजी फार मनमिळाऊ होते." आणि खाली बसलो. असला भ्याड माणूस त्या घाटावर दुसरा नव्हता.

दाजींच्या धाकानं लोकांनी वैशालीच्या पायगुणाबद्दल तोंडावर बोलणं सोडलं होतं, पण पाठीमागचं बोलणं कुणी सोडलं नाही. ते मिटवायला खरं सांगणारा माणूस हवा होता, आणि तो मी होतो. परवा येडगावला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. वैशाली आहेराचं ताट घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आता तिला स्वतःला सून यायची वेळ आली आहे. मी अंगणातून तिच्यामागे येत म्हटलं, "जा की गं आत."

ती बाजूला सरकली. "तुमी व्हा म्होरं मामा. माज्या आधी कुनीतरी आत गेलेलं बरं."

आणि मी गेलो.