हेलिकॉप्टरची टाकी

त्या दिवशी हेलिकॉप्टरची टाकी मी भरली होती. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या सेल्सच्या साहेबांना तर नाहीच, कारण त्यांनी परस्पर दुसऱ्यालाच दोषी ठरवलं आणि मला ते सोयीचं होतं.

मी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे. जनरेटर, कन्व्हेअर, गोदामातला माल उचलणारा होइस्ट, कार्यक्रमातला माईक, सगळं माझ्याकडं. कंपनी कपाशीचं नवीन वाण आणत होती. कुंभार पिंपळगावला बाजाराच्या दिवशी शेतकरी मेळावा ठरला. साहेबांना बियाण्याचं पाकीट आकाशात न्यायचं होतं.

"ड्रोन सांगू का?" मी विचारलं.

"ड्रोन आता बारशालाबी असतो. काहीतरी युनिक बघा."

मला हमीदभाई आठवले. भोकरदनला त्यांचं बेअरिंगचं दुकान आहे. तरुणपणी त्यांनी हलक्या लाकडाचं, छोट्या इंजिनवर उडणारं एक मॉडेल हेलिकॉप्टर बांधलं होतं, आणि अजून उडवत होते. ते इंजिन आता कुठं मिळत नाही. माणूस असा, की स्वतःचं कौतुक स्वतःच करून टाकायचा; दुसऱ्यावर भार नको.

या प्रकाराला फ्री-फ्लाइट म्हणतात. रिमोट नाही, दोरी नाही. सोडलं की सुटलं. इंजिन छोटा पंखा एकीकडं फिरवतं आणि त्या झटक्यानं स्वतः उलटं फिरतं. मोठी पाती इंजिनलाच जोडलेली, म्हणून तीही फिरतात आणि यंत्र वर जातं. इंधन संपलं की पाती नुसत्या वाऱ्यावर फिरत राहतात आणि ते अलगद उतरतं. म्हणून सगळी हुशारी इंधनात. रॉकेल, ईथर आणि एरंडेल, तेही सिरिंजनं मोजून.

"इसमें ब्रेक नहीं, हँडल नहीं," हमीदभाई म्हणाले. "जो है सो टाकी है."

भरलेलं पाकीट त्याला झेपणार नव्हतं, म्हणून रिकामं बांधायचं ठरलं. आमच्या जाहिरातींची परंपरा पाहता त्यात काही वावगं नव्हतं.

मेळाव्याच्या सकाळी साहेबांनी विचारलं, "रिमोट कुठंय?"

"याला रिमोट नसतो साहेब."

"मंग लोकांना कसं कळणार, कोण उडवून राह्यलंय?"

हा प्रश्न बिनतोड होता. मी गाडीतून होइस्टचा रिमोट काढून दिला. पिवळा, मोठ्या बटनांचा. साहेबांना तो शोभला.

हमीदभाईंनी सिरिंजची खूण डोळ्यांजवळ धरून इंधन भरलं, आणि तेवढ्यात त्यांना सत्कारासाठी स्टेजवर बोलावलं. साहेब माझ्या कानाशी आले. "फोटोग्राफर म्हणतो, टाइम कमी पडतोय. लवकर खाली यायला न्हाई पाहिजे. बघून घ्या."

आता आमच्या धंद्यातली सवय सांगतो. जनरेटरवाला कार्यक्रमाच्या आधी टाकी फुल्ल करतो. भाषण कितीही लांबलं तरी वक्त्याला कुणी काही बोलत नाही. लाइट गेली की आम्हाला बोलतात. त्या सवयीनं मी हमीदभाईंची इंधनाची बाटली उचलली. स्टेजवर हमीदभाईंच्या अंगावर शाल पडत होती आणि खाली मी तोंडापर्यंत टाकी भरत होतो. टाकी पत्र्याची, बाहेरून काही दिसत नाही. वर कामात चोख असल्याचं समाधानही वाटलं.

हमीदभाईंनी पंख्याला बोटानं झटका दिला. इंजिन भुणभुणलं, हेलिकॉप्टर उठलं. टाळ्या पडल्या. साहेब दोन्ही हातांत रिमोट धरून कॅमेऱ्याकडं वळले. "आता डावीकडं घेतो," त्यांनी माइकवर सांगितलं. वारा डावीकडंच होता. त्यानं साहेबांचा मान राखला.

हेलिकॉप्टर लिंबाच्या झाडावरून गेलं. बाजाराच्या पत्र्यांवरून गेलं.

"अब बंद होना चाहिए," हमीदभाई पुटपुटले. मी बुटांकडं बघत होतो.

पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "साहेब, माघारी आणा की आता."

"लाल बटन दाबून पाहा," दुसऱ्यानं सुचवलं.

साहेबांनी लालसुद्धा दाबलं. होइस्ट असता तर थांबला असता. हे दूरच्या उसावर ठिपक्याएवढं झालं आणि मग दिसेनासं झालं. आम्ही संध्याकाळपर्यंत उसात हिंडलो. अंगभर कुसं भरली, बाकी काही मिळालं नाही.

परतताना साहेब पुढं, मी गाडी चालवत होतो, हमीदभाई मागं मांडीवर शाल घेऊन.

"अंदाज राह्यला न्हाई तर कामं घ्यायची कशाला? काय हो?" साहेबांनी मला विचारलं.

"हो साहेब," मी म्हणालो.

मागून आवाज आला, "साब बराबर बोल रहे. नजर गेली माझी. खूण चुकली असंल."

मी एसीची जाळी नीट करत बसलो.

हमीदभाईंनी नंतर काही उडवलं नाही. उरलेली मॉडेलं वाटून टाकली. बेअरिंगवरचा नंबर आता ते गिऱ्हाइकाकडून वाचून घेतात आणि वर दोनदा विचारतात. मागच्या खेपेला म्हणाले, "डॉक्टरला दाखवलं. बोला, नजर बिलकुल ठीक है. डॉक्टर को क्या मालूम."

मी मान हलवली, बेअरिंग घेतलं आणि निघालो.

धंद्यापुरता धडा एवढाच, की वेळेवर थांबणं हेच ज्या मशीनचं काम, तिची टाकी भरू नये. साहेबांना बढती मिळाली. ते वाणही बरं खपलं.

हे मी मराठीत लिहिलं आहे. हमीदभाई मराठी बोलतात, पण वाचतात उर्दू. मला ते ठाऊक आहे. त्यांच्या दुकानात जाऊन, त्यांच्यासमोर बसून, चूक त्यांच्या नजरेची नव्हती, माझी होती, एवढं सांगणं मी त्यांचं अजून देणं लागतो.