सात दिवसांची रीडिंग

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडत आलेय. कम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेली बाई मी... शून्य नाहीतर एक, तिसरं काही असतं हे मला कुणी सांगू नये. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

औरंगाबादला – तेव्हा शहराचं हेच नाव होतं – गारखेड्यात मावशीकडं राहून मी पॉलिटेक्निक करत होते. दुष्काळाचं वर्ष. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही तासभर. आजूबाजूला नव्या अपार्टमेंट उठत होत्या आणि प्रत्येकीचा बोअर आमच्यापेक्षा खोल. मावशीच्या बिल्डिंगचा दोनशे फुटांचा बोअर दोन वर्षं कोरडा होता. मोटरसुद्धा काढून जिन्याखाली ठेवली होती.

शेवटच्या वर्षी मी आणि माझी पार्टनर रुबीना, आम्ही प्रोजेक्ट घेतला – बोअरमधली पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र. वायर आत सोडायची, पाणी किती फुटांवर आहे ते डिस्प्लेवर येणार. रिपोर्टला किमान सात दिवसांची रीडिंग हवी होती. कोरड्या बोअरची कसली रीडिंग घेणार?

"सब्बी मॅनेज करते," रुबीना म्हणाली. "कौन जाके देखरा?"

खरंच सगळे करायचे. कँटीनमध्ये बसून आम्ही आकडे ठोकून दिले. पहिल्या दिवशी १४२ फूट, मग रोज जरा खाली, सातव्या दिवशी १७१. खरं वाटावं म्हणून चौथ्या दिवशी पाणी दोन फूट वर आणलं.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे सर आले होते. तक्ता वाचून म्हणाले, "या दिवसांत गारखेड्यात १४२ फुटांवर पाणी? चला, दाखवा मला." वर्ष गेलं तर बाबा गावी नेऊन लग्न लावणार, हे घरात ठरलेलंच होतं.

भर दुपारी बोअरवर गेलो. मावशी खाली आली. "त्यात काय बघता सर? नुसती गरम हवा येती."

मी वायर सोडली. डिस्प्लेवर आकडा आला... १४२. सरांचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी सुतळीला दगड बांधून आत सोडला. वर आला तो ओला. मावशीला रडू फुटलं. आम्ही पास झालो.

संध्याकाळी मोटर पुन्हा बोअरमध्ये बसवली. मी रोज सकाळी रीडिंग घ्यायचे. दुसऱ्या दिवशीचं तक्त्यातलंच, तिसऱ्याचंही. चौथ्या दिवशी, उपसा चालू असताना, पाणी दोन फूट वर आलं, तेव्हा मात्र मी घाबरले. रुबीनाला सांगितलं तर म्हणाली, "अब उस रिपोर्ट को हात नक्को लगा."

सात दिवस बिल्डिंगनं ड्रम, टाक्या, पातेली भरून घेतली. आठव्या दिवशी मोटर नुसती घरघरली.

पुढं भूजलाचं शिकलेल्या एका ओळखीच्यांना विचारलं. खडकाच्या भेगांतून असं पाणी येतं कधीकधी, म्हणाले.

मावशी अजून म्हणते, "पंधरा दिवस टिकलं असतं ना पोरी, लई बरं झालं असतं." मी नुसतं व्हय म्हणते. तिला कसं सांगू, तक्त्याच्या त्या पानावर खाली भरपूर जागा होती... आम्हाला लिहायचा कंटाळा आला होता.