लाल रंगाचे दगड

देव आहे की नाही, हा प्रश्न मी फार लहान वयात निकालात काढला होता. आमच्या घरी किराणा दुकान, अण्णा, म्हणजे माझे वडील, कट्टर शिवभक्त. श्रावणात दुकान उघडण्याआधी पिंडीवर बेल वाहिल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. मी मात्र पत्रकांवर वाढलो. कॉलेजात मोर्च्यांची पत्रकं वाचत गेलो, मग स्वतः लिहू लागलो. दगडाला देव म्हणणं बंद करा, हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे असायचंच. तरी मनातून मी सुखी नव्हतो. सगळं आपल्याच हातात आहे असं मानणाऱ्या माणसाला झोप कमी लागते.

त्या सुमारास आष्टीच्या एका हॉटेलात केबल आली होती. चहा पिता पिता मी आणि माझी धाकटी बहीण सुमी, आम्ही दोघांनी तिथे आल्प्स पर्वतात पळणारी माणसं पाहिली. बर्फाच्या कडेनं, कुरणांतून, खिंडीतून ती पळत होती आणि वाट चुकू नये म्हणून जागोजागी दगडांवर रंगाचे पट्टे ओढलेले होते. सुमी शाळेपासून पळायची. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "दादा, आपला बालाघाट असाच हाय की. नुसता बर्फ तेवढा न्हाई." तिथेच ठरलं. गावातून डोंगरावरच्या महादेवापर्यंत चढायचं, पठार ओलांडायचं आणि पलीकडच्या घळीतून पुन्हा गावात उतरायचं, अशी शर्यत आम्ही पोरं भरवणार होतो.

अण्णांना पटवणं अवघड गेलं. "पोरीनं डोंगरात पळायचं कावून?" एवढंच ते विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "वाट तू आखणार ना? मग तिला काही झालं तर तुझ्याकडं बघीन. आन् तिचं पळणं त्याच दिवशी बंद." मी हो म्हणालो. लाल ऑइलपेंटचा डबा घेतला आणि जिथे वाट फुटते अशा प्रत्येक ठिकाणी एक मोठा दगड रंगवून ठेवला.

आठवडाभरात त्या दगडांवर बेल दिसू लागला. मग कुंकू, मग नारळाच्या शेंड्या. पठारावरच्या दगडाला तर कुणीतरी दोन डोळेही बसवले होते. मी संतापलो. रात्रीतून पत्रक लिहिलं आणि पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं, की हा दगड मी रंगवलाय, यात देव नाही. म्हातारी माणसं शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "बराबर हाय तुजं. पर मग लाल कावून लावला बाबा? निळा लावायचा व्हता." सगळा पार हसला. मी पत्रकाची घडी करून खिशात घातली.

शर्यतीसाठी मी मुद्दाम श्रावणी सोमवार धरला. दर्शनाला निघालेल्या गर्दीनं माणसाच्या पायांची ताकद बघावी, असा माझा हट्ट. पण पोरं डोंगरावर पोचली आणि धुकं उतरलं. असं धुकं, की पसरलेल्या हाताचा पंजा दिसेना. एकेक करत सगळी पोरं घळीतून खाली आली. सुमी आली नाही. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते नुसते डोंगराकडे बघत राहिले. मी पळत सुटलो.

पठारावर पोचलो तेव्हा वाट संपली होती. म्हणजे वाट होती, पण मला दिसत नव्हती. एका बाजूला सरळ तुटलेला कडा आहे हे ठाऊक होतं. कोणत्या बाजूला, ते कळत नव्हतं. माझा लाल रंग तर कुठेच दिसत नव्हता. सुमीला हाका मारल्या, वाऱ्यानं त्या परत माझ्याच तोंडावर आणल्या. पाय उचलायची भीती वाटू लागली. इतकी वर्षं लिहिलेल्या हजार वाक्यांतलं एकही त्या घडीला उपयोगी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "आता तूच बघ." कुणाला म्हणालो, ते आजही सांगता येत नाही.

आणि उदबत्तीचा वास आला.

मी त्या वासामागे एकेक पाऊल टाकत गेलो. समोर माझाच दगड होता, डोळे लावलेला. पुढे केळ्यात खोचलेली उदबत्ती जळत होती. शेजारी सुमी बसली होती, पाय मुरगळलेला, अंगावर कुणाचं तरी घोंगडं. एक म्हातारी बाई तिचा घोटा चोळत होती.

"तुजी भैन व्हय ही?" ती मला म्हणाली. "लई पळती बाबा! पार कड्याकडं निघाली व्हती. पायाचा आवाज आला, तशी म्या वरडले, देवाच्या पाया न पडता कुटं चालली गं?"

सुमी रडता रडता हसत होती. "दादा, मी पळता पळताच यांना म्हणाले, हा देव न्हाई, माझ्या भावानं रंगवलाय."

"मंग म्या म्हणलं, भावाच्या पाया पड, पर थांब आधी! थांबली, तवा पाय मुरगळला तेवढा. कडा पलीकडं हातभर ऱ्हायला व्हता."

मी सुमीला पाठीवर घेतलं. बाईंना सोबत चला म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "तुमी जावा. माजी पूजा ऱ्हायलीय." पुढे मी घोंगडं परत द्यायला आसपासच्या सगळ्या वाड्या फिरलो. तशी बाई कुणालाच ठाऊक नव्हती. कुठूनतरी लांबून दर्शनाला आलेली भाविक असेल. मी त्यावर वाद घालत नाही. ते घोंगडं आजही आमच्या घरात आहे, थंडीत अण्णा पांघरतात.

त्या संध्याकाळी अण्णांनी सुमीच्या घोट्यावर गरम हळदीचा लेप लावला. मी बोलणी ऐकायच्या तयारीनं समोर बसलो होतो. ते लेप लावता लावता तिला एवढंच म्हणाले, "पुढच्या साली जरा बघून पळ."

पुढच्या श्रावणाआधी रंग आणायला गेलो, तेव्हा सोबतचा मित्र म्हणाला, "या वेळी निळा घेऊ बे, म्हणजे कटकट नको." मी लाल डबा उचलला. पत्रकं मी अजूनही लिहितो, अन्यायावर तितक्याच रागानं लिहितो. पण खुणा करणं तेवढं आपलं काम, त्या खुणेपाशी कुणी कुणासाठी थांबावं हे आपल्या हातात नाही, एवढं कळल्यापासून झोप चांगली लागते. सुमी आजही त्या वाटेनं पळते. डोळे लावलेल्या दगडाशी आली की वेग कमी न करता कपाळाला हात लावते आणि पुढे जाते. मी मात्र तिथे चपला काढून थांबतो.