वास घेऊन प्यायचं पाणी

ती घटना आठवली की आजही तरुणपणीचं फरीदाबाद डोळ्यांपुढे उभं राहतं. माझ्या पोलीस ठाण्याच्या आवारातला कडुलिंब, त्याखालची डगमगती खुर्ची, आणि कुणी मराठी बोलणारं भेटलं तर सण वाटावा असे दिवस.

निकेलचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्यातून फोन आला. पहारेकरी तेजाब, म्हणजे ॲसिड, प्यायला होता. मालकाने कारणही पुरवलं, "बीवी से रोज़ झगड़ा था साहब, खुद पी गया."

पहारेकरी साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त होऊन नुकताच तिथे लागलेला. घसा भाजल्याने जबाब देऊ शकत नव्हता. हवालदाराने आत्महत्येचा प्रयत्न असं लिहायला घेतलंही. त्या काळी माणूस वाचला तर त्याच्यावरच खटला चाले.

मी त्याच्या बायकोला विचारलं, "भांडण झालं होतं का?"

"झालं होतं की. खोटं कशाला सांगू, साहेब? पण कामावर जाताना म्हणाले, उरलेलं संध्याकाळी बोलू. भांडण अर्धं टाकून जाणारा माणूस नाही तो."

मला तिचं पटलं. पण पटण्याने केस उभी राहत नाही.

पंचनाम्याला गेलो तेव्हा ऊन रणरणत होतं. सुपरवायझरने रमच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं पाणी आणलं. फौजी घरांत, पहारेकऱ्याच्याही, ती रीतच, त्यात वावगं काही नव्हतं. पण त्याने बूच काढून बाटली आधी नाकाशी नेली, मग माझा पेला भरला.

"वास कसला घेतलास?" मी हिंदीत विचारलं.

"आदत है साहब. तेज़ाब भी ऐसी ही बोतलों में रहता है. सब सूंघ के पीते हैं. वो नया था, सूंघा नहीं."

मी पेला खाली ठेवला.

ठाण्यात मालकाची गुर्मी फार टिकली नाही. "सबको पता था," एवढंच तो घोकत राहिला. तेच त्याला भोवलं. धोका ठाऊक असून त्याने तेजाबाच्या बाटल्यांवर साधी चिठ्ठीसुद्धा चिकटवली नव्हती. विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला.

कोर्टात त्याच्या वकिलाने पहारेकऱ्याला विचारलं, "सूंघा क्यों नहीं?"

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पानी कौन सूंघता है, साहब?"

मालकाला शिक्षा झाली. घातक वस्तू ज्याच्या ताब्यात, सांभाळायची जबाबदारी त्याची, तहानलेल्याची नव्हे, हे कलमांपेक्षा त्या माणसानेच मला शिकवलं.

निकालानंतर दोघं नवराबायको ठाण्यात पेढे घेऊन आली. मी चेष्टेने विचारलं, "अर्धं भांडण पुरं झालं का?"

"कुठलं, साहेब," ती म्हणाली. "यांचा आवाज काही चढत नाही. आता दोघांचंही मलाच भांडावं लागतं."