टेग्वेनने निवडलेली काठी

अस्क नदीच्या काठच्या त्या गावात कुणी गळाची नवी काठी पसंत केली, की दुकानदार डिलविन आधी विचारायचा, "टेग्वेनला दाखवलीस का?"

टेग्वेन प्रॉसर प्राथमिक शाळेत स्वयंपाकीण होती. उंच, हाडापेराने दणकट, पंजे पुरुषासारखे रुंद. लहानपणी वडिलांनी तिला घरामागच्या कुरणात माशी फेकायला शिकवलं होतं. खरी माशी नव्हे. पिसं नि दोरा बांधून केलेली, ट्राउट माशाला फसवणारी. तेव्हापासून पन्नाशी उलटली तरी तिचा एकही हंगाम चुकला नव्हता.

महागड्या काठ्या तपासायचा तिला कंटाळा. "त्यात काय बघायचं? एवढा पैसा ओतलाय, चांगलीच असणार." स्वस्तातली हातात घेतल्याबरोबर कळते. खरी मेख मधल्या किमतीच्या काठीत. तिथे बनवणाऱ्याने कुठेतरी हात आखडता घेतलेला असतो. "मुठीच्या बुचात घेतला असेल तर चालेल," ती म्हणायची, "दोरीच्या कड्यांत घेतला असेल तर सोसता येईल. पण कण्यात, खुद्द काठीतच घेतला असेल, तर दे परत."

एम्लिन बेव्हन मेंढीबाजारात लिलाव पुकारायचा. बायको गेली त्या वसंतात तो नदीवर येऊन नुसता बसून राहायचा. काठीचे तुकडे जोडायचासुद्धा नाही. एकदा टेग्वेनने आपल्या डब्यातलं अर्धं चीज सँडविच त्याच्यापुढे धरलं.

"खा. उपाशी माणसाला मासेसुद्धा हसतात."

तो खरंच हसला, आणि मग हसता हसता रडला. त्यानंतर दर शनिवारी दोघं एकाच काठावर असायची, एकाच थर्मासातला चहा प्यायची. बाजारात घसा फाटेस्तोवर ओरडणारा एम्लिन तिच्याजवळ गप्प असायचा, आणि तिला ते गप्प राहणं फार मोलाचं वाटायचं. अशी वर्षं गेली. गावाने मनातल्या मनात त्यांचं लग्नही लावून टाकलं होतं.

"अगं, मासा गळाला लागलाय, ओढ की आता!" डिलविन चिडवायचा.

"लहान आहे अजून. सोडून दिला," ती म्हणायची, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मागच्या शरदात एम्लिनने घाईघाईत गाडीचं दार लावलं आणि तिची वडिलांच्या हातची काठी मधोमध मोडली. बिचारा इतका ओशाळला, की तिलाच त्याची समजूत घालावी लागली. त्यामुळे एप्रिलमध्ये, हंगामाच्या सुरुवातीला तो जे बोलला, त्याचा अर्थ तिने लावला तसा कुणीही लावला असता.

"टेग, एक काम होतं. एक काठी निवडून दे ना. फार भारीतली नको, पण जन्मभर पुरेल अशी. बाईमाणसासाठी."

कुणासाठी, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो नदीकडे बघत लाजल्यासारखा हसत होता. तिने विचारलं नाही.

"कशी निवडू?"

"तुला स्वतःला आवडेल तशी."

त्या आठवड्यात शाळेच्या कस्टर्डमध्ये साखर दोनदा पडली.

डिलविनने तिला दोन काठ्या दिल्या. दोन्ही नऊ फुटी, चार तुकड्यांच्या, किंमत जवळपास सारखी. ती नदीवर गेली. एकेक तुकडा जोडून कड्या एका रेषेत येतात का ते तिने एक डोळा मिटून पाहिलं, बुचाच्या मुठीवरून अंगठा फिरवला. पहिली हिरवी काठी मऊ होती. जवळच्या फेकीला दोरी अलगद उलगडायची, पण लांब फेकू गेलं की कमरेतून वाकायची. दुसरी काळपट. तिची मूठ जाड, टेग्वेनच्या पंजात भरून येणारी. वाऱ्यातसुद्धा दोरी सरळ पलीकडच्या आल्डरच्या झाडांखाली जायची, आणि फेकीनंतर शेंडा लगेच थांबायचा, थरथरत बसायचा नाही. बनवणाऱ्याने काटकसर केली होती ती फक्त कड्या काठीला बांधायच्या धाग्यात. ते तर ती स्वतः एका संध्याकाळी नव्याने गुंडाळू शकली असती. पाऊण फुटाचा एक ट्राउट लागला, तेव्हा त्याची प्रत्येक धडपड कोपरापर्यंत आली. त्याला पाण्यात सोडताना ती एकटीच मोठ्याने हसली.

शनिवारी तिने इस्त्रीचा निळा शर्ट घातला आणि काळपट काठी घेऊन दुकानात गेली. एम्लिन आधीच आला होता.

"ही," ती म्हणाली.

एम्लिनने काठी हातात घेतली, मूठ दाबून पाहिली. "मस्त आहे गं. पण मूठ जाड नाही वाटत? तिचे हात लहानसे आहेत."

डिलविन गल्ल्यामागे एकदम खाली वाकून काहीतरी शोधू लागला.

टेग्वेनने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग हात खिशात घातले.

"कुणाचे?"

"नेरिसचे. ॲबरगॅव्हनीला दातांच्या दवाखान्यात असते ती. जूनमध्ये लग्न करतोय आम्ही. तुलाच सगळ्यांत आधी सांगायचं होतं, पण या वयात... लाज वाटत होती बघ." त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. "तिला मासेमारी शिकायचीय. म्हटलं, टेगपेक्षा चांगलं कोण निवडणार?"

निवडलेली काठी तशीच नेऊ दिली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. चार शनिवारांत नेरिसचं मनगट दुखलं असतं, आणि ती घरी बसली असती. हा विचार टेग्वेनच्या मनात आला. तिने तो पूर्ण होऊ दिला नाही.

"मग ही नको," ती म्हणाली. "शिकाऊ माणसाला ही दाद देणार नाही. डिलविन, ती हिरवी काढ. मऊ आहे, चुका पोटात घालते. मूठही बारीक आहे."

"तू शिकवशील तिला? माझ्यात तेवढा धीर नाही."

"शिकवीन."

तिने शब्द पाळला. घरामागच्या त्याच कुरणात ती नेरिसच्या मागे उभी राहिली, तिच्या इवल्या मनगटाला हाताने आधार दिला. "मागे दोरी सरळ होऊ दे. घाई नको. आता." नेरिस वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली होती, चटकन शिकत होती, चुकली की स्वतःलाच हसत होती. तिसऱ्या दिवशी काठी खाली टेकवून ती म्हणाली, "एम्लिन सारखं तुमच्याबद्दल बोलतात. भेटायच्या आधी मला तुमची भीती वाटायची."

"माझी? का?"

नेरिसने टेग्वेनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. "मला ठाऊक नव्हतं हो," ती हळूच म्हणाली.

"कोपर आत घे," टेग्वेन म्हणाली.

लग्नाचा केक तिनेच केला. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसली, सगळ्यांबरोबर गायली आणि घरी येऊन त्याच कपड्यांत जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. दिवा लावायलासुद्धा ती उठली नाही.

पुढे ती शनिवारी मासे धरायला गावच्या पुलाच्या वरच्या अंगाला जाऊ लागली. तिथे पाणी उथळ, मासे बोटाएवढे. डिलविनने तिला चिडवणं सोडलं होतं. ऑगस्टमध्ये एम्लिन तिला पोस्टाबाहेर भेटला.

"कुठे असतेस गं? नेरिस सारखी विचारते. चहा प्यायला तरी ये की खाली."

"वरच्या अंगाला यंदा मासे बरे आहेत," टेग्वेन म्हणाली.

"काय सांगतेस! तिथे?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मग येऊ का एकदा तिकडे?"

"नको. जागा लहान आहे," असं म्हणून ती रस्ता ओलांडून गेली.